लायका विज्ञानासाठी मेली की वर्धापनदिनासाठी?

अवलोकिता :
लायका या सोव्हिएत कुत्रीच्या अंतराळ उड्डाणाच्या, म्हणजे ३ नोव्हेंबरच्या, निमित्ताने येथे एका सदस्यांनी लिहिले की, तिने मानवजातीसाठी हसत हसत प्राण अर्पण केले आणि ती नसती तर पहिला अंतराळवीर गागारिन अंतराळात गेलाच नसता. त्याखाली जमलेल्या फुलांच्या चित्रांमुळे हे उत्तर लिहिणे भाग पडले.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक-१ या पहिल्या कृत्रिम उपग्रहाने जगाला थक्क केल्यावर सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना ७ नोव्हेंबरच्या, म्हणजे रशियन क्रांतीच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाच्या आधी, आणखी एक चमत्कार हवा होता. म्हणून चार आठवड्यांच्या आत लायकाला नेणारे स्पुटनिक-२ उभारण्यात आले. त्यात परत येण्याची सोयच नव्हती. मॉस्कोच्या रस्त्यावरून आणलेल्या, जेमतेम सहा किलोच्या या कुत्रीला आधी कित्येक दिवस अधिकाधिक लहान होत जाणाऱ्या पिंजऱ्यांत राहण्याची सवय लावली गेली. उड्डाणानंतर तापमान नियंत्रणाची यंत्रणा कोलमडली आणि ती पाच ते सात तासांत उष्णतेने मेली. ती काही दिवस जगली, असे जगाला सांगण्यात आले. खरी हकिकत २००२ साली बाहेर आली. तिला तयार करणाऱ्या चमूतील ओलेग गाझेन्को यांनीच १९९८ मध्ये खेद व्यक्त करताना म्हटले होते की, तिच्या मृत्यूचे समर्थन होईल इतके ज्ञान त्या मोहिमेतून मिळाले नाही. गाझेन्कोंना जे पटले नाही, ते आपल्या सदस्यांना पटते, याचे मला नवल वाटते.

जुना प्रयोगशाळावाला :
ताई, आपला संताप समजतो. परंतु १९५७ साली काय ठाऊक होते, याचा आपण विचारच केलेला नाही. सोव्हिएत कुत्री १९५१पासून रॉकेटमधून वर जात होती, पण त्या उड्डाणांत वजनरहित अवस्था काही मिनिटेच टिकत असे. अमेरिकेचे अल्बर्ट-२ हे माकड १९४९ मध्ये १३४ किलोमीटरवर पोहोचले आणि उतरताना पॅराशूट न उघडल्यामुळे मेले. त्या अवस्थेत तासन्‌तास हृदय कसे वागेल, घास गिळता येईल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते. लायकाच्या नाडीचे ठोके उड्डाणाच्या वेळी तिपटीने वाढले आणि नंतर हळूहळू पूर्वपदावर आले, ही नोंद कवडीमोल नव्हती.

मी औषधनिर्मितीच्या क्षेत्रात आयुष्य घालवले आहे आणि या हातांनी असंख्य उंदीर हाताळले आहेत. रक्तदाबाची गोळी घेऊन प्राणिप्रेमाचे लेख लिहिणारी माणसे पाहिली की मला मौज वाटते.

अवलोकिता :
मी रक्तदाबाची गोळी घेत नाही, आणि घेत असते तरी मुद्दा बदलला नसता. वजनरहित अवस्थेतील नाडी थोडे थांबूनही मोजता आली असती. ऑगस्ट १९६० मध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का या सोव्हिएत कुत्र्या दिवसभर पृथ्वीभोवती फिरून जिवंत परतल्या. चौथ्या प्रदक्षिणेत बेल्काला उलटी झाली, म्हणून गागारिनला एकाच प्रदक्षिणेनंतर उतरवावे, असे ठरले. गागारिनच्या उड्डाणाचा निर्णय फिरवणारी माहिती परत आलेल्या कुत्रीने दिली, न परतलेल्या लायकाने नव्हे.

खवट :
रशियाला झोडपून झाले असेल तर थोडे पश्चिमेकडेही पाहावे. नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेच्या एनोस या चिंपांझीने पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घातल्या. त्याच्यासमोरचा खटका बिघडला आणि बरोबर उत्तरालाही विजेचा धक्का बसू लागला, तरी तो बिचारा शिकवल्याप्रमाणे बरोबरच उत्तरे देत राहिला. आणि आपण भारतीयांनी फार सोवळे मिरवू नये. त्या काळी अमेरिकी प्रयोगशाळांना हजारोंनी माकडे आपणच विकत होतो.

माडबनी :
आणि १९७८ मध्ये ती निर्यात बंद केली, त्याची फळे आम्ही कोकणवाले भोगतो आहोत! माकडे नारळ कोवळे असतानाच उतरवून फेकतात, काजू-फणसाचे काही शिल्लक ठेवत नाहीत. गेल्या वर्षी माझ्या वडिलांनी आयुष्यात प्रथमच भाजीचे आळे रिकामे ठेवले. शहरात बसून कुत्र्यासाठी अश्रू ढाळणाऱ्यांनी एक हंगाम आमच्या बागेत राखण करावी आणि मग करुणेवर बोलावे.

मुग्धा :
आपल्या नुकसानीबद्दल सहानुभूती आहे, परंतु निर्यात होत असे ती ऱ्हीसस माकडांची, आणि त्यांचा वावर साधारणतः तापी आणि गोदावरीच्या उत्तरेला. कोकणातली लालतोंडी माकडे वेगळ्या जातीची आहेत आणि काळतोंडी वानरे तर त्याहून वेगळी. त्यामुळे बंदी नसती तरी आपले नारळ वाचले नसते. बंदीचे कारणही लक्षात घ्यावे : वैद्यकीय संशोधनासाठी म्हणून दिलेली माकडे अमेरिकी लष्कराच्या किरणोत्साराच्या चाचण्यांत वापरली गेल्याचे उघड झाले होते.

माडबनी :
माकडाने नारळ फेकण्यापूर्वी आपली जात सांगितली असती, तर मीही प्रतिसाद तपासून लिहिला असता. निर्यातीचा मुद्दा सोडतो. बागेचा सोडत नाही.

अवलोकिता :
बागेसाठी कृपया स्वतंत्र धागा काढावा. खवट यांच्या टोमण्यात तथ्य आहे, पण गोष्ट इतकी सरळ नाही. १९५९ मध्ये अमेरिकेने बेकर या माकडिणीसोबत अंतराळात पाठवलेल्या एबल या माकडिणीच्या जागी आधी भारतातून आणलेले माकड ठरले होते. भारतीयांच्या भावना दुखावतील म्हणून ऐनवेळी अमेरिकेत जन्मलेले माकड निवडले गेले. म्हणजे राजकारण तेथेही होतेच. एबल सुखरूप उतरली आणि चार दिवसांनी शरीरातील इलेक्ट्रोड काढताना भुलीमुळे मेली.

जुना प्रयोगशाळावाला :
स्पुटनिक-२ची तारीख राजकीय होती, हे मान्य करतो. आपण ते इतक्यांदा सांगितले आहे की अमान्य करण्याचे त्राण उरलेले नाही. परंतु यावरून प्राणी पाठवूच नयेत, असे सुचवत असाल, तर माझा ठाम विरोध आहे. वजनरहित अवस्थेत हाडे ठिसूळ होतात आणि स्नायू झडतात, आणि उंदरांत हे थोड्याच दिवसांत दिसते. २०११ मध्ये अटलांटिस या अमेरिकी अंतराळयानाच्या शेवटच्या फेरीत उंदरांवर हाडांच्या झिजेविरुद्धचे एक प्रतिपिंड (अँटिबॉडी) तपासले गेले. त्याच प्रकारचे औषध आज हाडे ठिसूळ झालेल्या रुग्णांना मिळते. माझी पत्नी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळली आहे. त्या उंदरांबद्दल मला अपराधी वाटत नाही.

अवलोकिता :
आपल्या पत्नींबद्दल वाचून वाईट वाटले, आणि त्या प्रयोगाला माझा आक्षेप नाही. त्यात प्रश्न नेमका होता आणि तो तारखेसाठी विचारलेला नव्हता. माझा आक्षेप २०१३च्या रशियन बियोन-एम१सारख्या मोहिमांना आहे. तीस दिवसांनी यान उतरले, तेव्हा निम्म्याहून अधिक उंदीर आणि सर्व जर्बिल (उंदरासारखे लहान प्राणी) मेलेले होते. बहुतांशी उपकरणांच्या बिघाडामुळे. लायकानंतर ५६ वर्षांनीही पिंजऱ्याची यंत्रणा नीट चालत नसेल, तर त्याला संशोधनाची किंमत म्हणायचे की हलगर्जीपणा? इस्रो गगनयानच्या मानवरहित चाचणीसाठी व्योममित्रा हा यंत्रमानव पाठवणार आहे, तसे इतरांनीही करावे.

जुना प्रयोगशाळावाला :
व्योममित्राला हाडे नाहीत, ताई. ती झिजणार कशी? केबिनमधील दाब आणि तापमान ती सांगेल, शरीराचे काय होते ते सांगणार नाही. बियोनबद्दल मात्र आपले म्हणणे खोडून काढता येत नाही. आमच्या प्रयोगशाळेत वातानुकूलन बंद पडून इतके प्राणी मेले असते, तर मला नोकरीवर कोणी ठेवले नसते.

खवट :
शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये अंतराळात गेले, तेव्हा त्यांच्यासोबत भारताच्या प्रयोगातील जलअस्वलेही होती. अर्ध्या मिलिमीटरच्या त्या जिवासाठी फुलांची चित्रे कोणीच टाकलेली दिसली नाहीत. करुणेला किमान किती सेंटिमीटर लांबी लागते, हे कोणी सांगेल काय?

मुग्धा :
लांबी नव्हे, वेदना जाणवणारी मज्जासंस्था लागते. लायकाकडे ती होती आणि तिला तयार करणाऱ्या चमूतील याझ्दोव्हस्की यांना ते ठाऊकही होते. म्हणून तर उड्डाणापूर्वी ते तिला मुलांसोबत खेळायला घरी घेऊन गेले होते.