बायको उशिरा येते, रात्रीचा स्वयंपाक मी घ्यायचा म्हणतोय. कुठून सुरू करू?

वारजेवाला:
नमस्कार मंडळी. थोडं घरचं विचारायचंय, हसू नका. बायकोचं ऑफिस खराडीला आणि आम्ही राहतो वारज्यात, म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकाला. सकाळी आठला निघते ती यायला कधी आठ कधी नऊ, आणि सध्या कसलातरी रिलीज आहे त्यामुळे घरी आल्यावरही लॅपटॉप उघडाच. माझं आठवड्यातून दोन दिवस बाणेरला ऑफिस, बाकी घरून काम. सकाळी पोळीभाजीला मावशी येतात, भांडी-फरशीला दुसऱ्या ताई, म्हणजे ऐकायला सगळं सुखाचं.

अडतं ते संध्याकाळी. भाजी आणणं, मशीन लावणं, कपडे वाळत घालणं, मुलीचा अभ्यास हे सगळं माझ्याकडेच आहे. पण साडेसात वाजले की मी तिला फोन करतो, काय करू गं आज, आणि ती म्हणते तूच ठरव ना कधीतरी, की फोन कट. बाहेरून मागवलं तर लेकीला तिखट लागतं, ती सहा वर्षांची आहे, आणि रोज रोज मागवणं बरं पण नाही वाटत.

मला येतं ते असं: चहा, आम्लेट, मॅगी आणि कांदेपोहे (ते मात्र खरंच चांगले होतात). मला पाच दिवसांची जेवणं शिकायचीत, साधी, कामावरून उठून पाऊण तासात होणारी. आणि दुसरं म्हणजे तुमच्याकडे कामं वाटून कशी घेता? आम्ही फ्रिजवर तक्ता लावला होता, आता त्याच्यावर लाईट बिल लावलंय.

फोडणीवाला:
आधी कुकर लावायला शिका, अर्धी लढाई तिथेच संपते. मी बारा-पंधरा वर्षं संध्याकाळचं बघतोय त्यामुळे जरा पाल्हाळ लावतो.

तूरडाळ एक वाटी, दोनतीन पाण्यातून धुऊन अर्धा तास भिजत टाका, शेवटच्या मीटिंगला बसायच्या आधी टाकली की झालं. मग त्यात अडीच-तीन वाट्या पाणी, हळद, हिंग, चार थेंब तेल. तेलाने फेस कमी येतो, नाहीतर शिट्टीतून पिवळं पाणी उडून सगळा ओटा रंगतो. तांदूळ कोलम असेल तर एकाला दोन पाणी. कुकरच्या तळाला दोन बोटं पाणी, खाली डाळीचा डबा, वर भाताचा. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करून पाच मिनिटं, मग बंद, आणि वाफ आपली आपण जाऊ द्या. घाईघाईने चमच्याने शिट्टी उचलायची नाही, आत पाणी साधारण १२० डिग्रीला असतं, ते अंगावर उडालं तर जेवण राहील बाजूला.

डाळ रवीने घोटून मीठ आणि गुळाचा खडा घातला की वरण. एक दिवस तेच वरण, वर तूप, लिंबू. दुसऱ्या दिवशी त्याच डाळीला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला, झाली आमटी. तिसऱ्या दिवशी मुगाची खिचडी, तिला तर डबे पण नकोत, थेट कुकरमध्ये. चौथ्या दिवशी पिठलं: अर्धी वाटी बेसन गार पाण्यात आधी नीट कालवून घ्या, गुठळी राहता कामा नये, मग कांदा-लसूण-मिरचीच्या फोडणीत दीड-दोन वाट्या पाणी उकळलं की ते हळूहळू ओता आणि हात थांबवू नका. लेकीसाठी मिरची अख्खी टाकून नंतर काढून घ्या. पाचव्या दिवशी तुमचे पोहे, रात्री पोहे खाल्ले म्हणून कोणी पोलिसात देत नाही. सकाळच्या दोन पोळ्या आणि काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून बाजूला असली की भरलं ताट.

संध्या_कर्वेनगर:
रेसिप्या मस्त आहेत पण तो फोन का कट होतो ते कोणी सांगितलंच नाही. मी त्या फोनच्या पलीकडची आहे म्हणून सांगते. तुम्ही काय करू विचारता तेव्हा ती खराडी बायपासला अडकलेली असते आणि तिथे बसून तिला तुमच्या घरचा फ्रिज आठवायला लागतो. दुधी अर्धा उरलाय, कोथिंबीर सडत आलीय, दही आंबट झालंय म्हणजे आज कढी व्हायला हवी, तूरडाळ दोन दिवसांची आहे. हे सगळं करून ती म्हणणार वरणभात लाव, आणि मग तुम्ही लावणार. कुकर तुम्ही लावलात, पण डोकं तिचंच चाललं ना?

म्हणून पाच दिवसांचं रात्रीचं जेवण घ्यायचंच असेल तर अख्खं घ्या. डाळ संपत आली हे तुम्हालाच दिसलं पाहिजे, रात्री विरजण तुम्हीच लावायचं, मटकी सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधायची हे तुमच्याच लक्षात हवं. कुकरची गॅस्केट सैल झाली की नवी आणणं पण त्यातच आलं, आणि जेवण झाल्यावर उरलेलं लहान डब्यात काढून ओटा पुसणंसुद्धा. आमच्याकडे ह्यांनी असाच ओला-सुका कचरा घेतला. डबे वेगळे करण्यापासून सकाळी कचरावाल्या ताईंच्या हातात देईपर्यंत सगळं त्यांचं, मला कचऱ्याचा विचारसुद्धा करावा लागत नाही, आणि खरं सुख ते आहे.

तक्ते टिकत नाहीत कारण तो तक्ता बघून आठवण करून द्यायचं काम परत बाईकडेच येतं. केंद्र सरकारने लोकांचा वेळ कशात जातो याची पाहणी केली होती, २०२४ ची, त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८. ते ८८ पण जे पुरुष काही करतात त्यांचे हं, न करणारे त्यात धरलेलेच नाहीत. आणि आठवत बसण्याची मिनिटं कुठे मोजणार.

तिच्यासाठी पण एक निरोप द्या. कांदा जाड चिरला तर चिरू दे, ओट्याशी येऊन उभं राहायचं नाही.

हिशोबी_माणूस:
एवढा खटाटोप कशाला पण? दोघं कमावताय, त्याच मावशींना संध्याकाळचं पण सांगा, नाहीतर पुण्यात गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं आहेत. तुमच्या तासाची किंमत काढा आणि मावशींचा पगार काढा, गणित सरळ आहे.

संध्या_कर्वेनगर:
हिशोबी, मावशी ठेवा की, कोण नको म्हणतंय. पण त्या गावच्या जत्रेला चार दिवस गेल्या की बदली कोण शोधतं? आज काय करू ताई हा त्यांचा फोन कोणाला येतो? तो फोन वारजेवाल्यांना यायला लागला तर मावशींचा उपयोग.

सदाशिवपेठी_काकू:
अरे बाळा, चांगलं काम घेतलंयस. आमच्या ह्यांना बँकेतनं रिटायर होईपर्यंत दूध तापवणं एवढंच यायचं आणि तेही निम्म्या वेळा उतू जायचं. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कुकर हातात घेतला तो आजतागायत सोडला नाही, आता मलाच सांगतात गोडा मसाला जास्त पडला म्हणून. सांगू देत.

पाऊण तासात व्हायचं असेल तर रविवारी तासभर काढ. शेंगदाणे भाजून कूट करून ठेव. नारळ खवून फ्रीजरमध्ये टाक, चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढून ठेव, आलं-मिरचीचं वाटण बरणीत. मेथी-पालक निवडून ठेव पण धुऊन ठेवू नकोस, ओली राहिली की कुजते, कोरड्या कागदात गुंडाळून ठेव आणि करायच्या वेळी धू. डिसेंबर-जानेवारीत मंडईत मटार स्वस्त होतो तेव्हा लेकीला घेऊन सोलायला बस, वर्षभर पुरवून पुरवून वापर. निवडणं-सोलणं पोरांना आवडतं, अर्धे दाणे खाऊन टाकतात तो भाग वेगळा.

आणि भात उरला तर रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस हो, गार झाला की लगेच फ्रीजमध्ये. आमच्या वेळी ठेवायचो, पण आता सून सांगते की त्यात जंतू वाढून असं विष तयार होतं जे परत गरम करूनही जात नाही. ती मायक्रोबायोलॉजीवाली आहे, ऐकावं लागतं. फ्रीजमधल्या भाताला सकाळी फोडणी दे, झणझणीत गरम कर.

वारजेवाला:
सगळ्यांचे आभार, काकू तुमचे विशेष. काल रात्री बायकोला संध्याताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, फ्रिजचा भाग ऐकून ती लॅपटॉप बंद करून हसत होती. ठरलंय असं: सोमवार ते शुक्रवार रात्र पूर्ण माझी, सामानासकट. शनिवार-रविवार जसं जमेल तसं. मावशींना पण सांगितलंय की इथून पुढे फोन मला करायचा. त्यांना जरा अवघडल्यासारखं झालंय, पण होईल सवय.

आता दोन अडचणी. एक, आई पुढच्या आठवड्यात साताऱ्याहून येतेय, ती माझ्या हातातनं कुकर काढून घेणार आणि बायकोकडे बघणार. दोन, फोडणीवाल्यांच्या मापाने भात लावला तर तो लापशीसारखा झाला. एकाला दोनच पाणी घातलं होतं, वाटीपण तीच.

सदाशिवपेठी_काकू:
आईचं सोपं आहे. ती आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिला ओट्याजवळ खुर्ची टाकून बसव आणि म्हण, आई मला आमटी तुझ्यासारखी शिकव, करणार मीच. शिकवायला मिळालं की आया खूश असतात. सुनेला मात्र त्या वेळी स्वयंपाकघरात बोलवू नकोस, आणि ती कुठे आहे असं आईने विचारलं तर काम करतेय म्हणून सांग, आवाज खाली न करता.

फोडणीवाला:
तांदूळ कुठला आहे? मी कोलमचं माप दिलं होतं.

वारजेवाला:
इंद्रायणी. मावळातनं मित्राने आणून दिलाय, या वर्षीचा नवा.

फोडणीवाला:
मग तो तसाच होणार, मुळात चिकट तांदूळ आणि त्यात नवा. एकाला पावणेदोन घाला, तरी मऊ वाटला तर दीडवर या. आणि भिजवू नका, धुऊन लगेच लावा.