कॅन्सर बरा होणार नाही, मग श्वासनलिका उघडायची कशाला?

रानवाट:
मामांचा फुफ्फुसाचा कॅन्सर चौथ्या स्टेजचा. गाठ मुख्य श्वासनलिकेत आलीय. डॉक्टर म्हणतात, पूर्ण भूल देऊन रिजिड ब्राँकोस्कोपी (तोंडातून श्वासनलिकेत घालायची ताठ दुर्बीण), गाठ जाळायला लेझर आणि गरज पडली तर स्टेंट, म्हणजे वाट उघडी धरणारी छोटी नळी. रोग आहे तिथेच राहणार, हेही त्यांनीच सांगितलं. मग हा खटाटोप कोणासाठी? धापेवर मॉर्फिन आहे, घरचं अंथरूण आहे. 'आम्ही काहीतरी केलं' हे समाधान नातेवाइकांचं, भोगणार पेशंट.

खडूस:
अजिबात पटलं नाही. कॅन्सरने जाणं वेगळं, गुदमरून जाणं वेगळं. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा विरोध, प्रवाह संथ धरला तरी, १६ पट होतो. म्हणून काल जिना चढलेला माणूस आज वाक्य पुरं करू शकत नाही. हेच गणित उलटं लावा: थोडी वाट मोकळी केली तरी भूल उतरताच फरक कळतो. गाठ आत असेल तर जाळून किंवा गोठवून काढतात. बाहेरून दाबत असेल तर आत जाळायला काही नसतंच, तिथे स्टेंट. मॉर्फिनने धाप सुसह्य होते, नळी उघडत नाही. आणि श्वास सुधारला तर पुढचं किमो किंवा रेडिएशन झेपू शकतं.

रानवाट:
स्टेंटचं पुढचंही सांगा की! कफाने तुंबतो, सरकतो, टोकांशी मांस वाढतं, परत दुर्बीण. लेझरच्या वेळी ऑक्सिजन जास्त असला तर नळीत आग लागू शकते. संमतीच्या फॉर्मवर हे सगळं बारीक अक्षरात.

खडूस:
म्हणूनच लेझर चालू असताना ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या खाली ठेवतात. स्टेंटचं मान्य, नुसती गाठ काढून भागलं तर घालूच नये. सिलिकॉनचा निदान काढता तरी येतो.

काठावरची:
दोघंही सीटी स्कॅनबद्दल बोलतच नाही आहात. अडथळ्याच्या पलीकडचं फुफ्फुस शाबूत आहे का? ते कित्येक आठवडे मिटून पडलं असेल, तर दार उघडूनही आत घर नाही. बारीक फांद्यांत गाठ असेल तर दुर्बिणीचा फारसा उपयोग नाही. आणि आतून रेडिएशन देण्यासारखे उपाय सावकाश काम करतात, आत्ता गुदमरणाऱ्याला ते कामाचे नाहीत. मामा काय म्हणतात?

रानवाट:
रात्रभर बसून असतात. म्हणाले, "आडवं पडता येणार असेल तर करा." मला अजून पटलेलं नाही. उद्या सीटी घेऊन पुन्हा जातोय, पलीकडच्या फुफ्फुसाचं विचारतो.