रेव्हिटमध्ये भिंतींची मापं जुळत नाहीत, काढायच्या आधी नक्की काय ठरवायचं?

नौपाडा_ड्राफ्टिंग
नमस्कार मंडळी. मी ठाण्याला नौपाड्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला आहे, डिप्लोमा झालाय, ऑटोकॅडवर हात चांगला बसलाय पण रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) आत्ताच शिकायला घेतलंय. सरांनी वाशीच्या एका रो हाऊसचं मॉडेल करायला दिलंय, जुनं घर पाडून तळमजला अधिक एक नवीन बांधायचं, एका बाजूची शेजाऱ्यांबरोबरची कॉमन भिंत मात्र तशीच राहणार. ऑटोकॅडचा प्लॅन तयार आहे, तो लिंक करून त्याच्यावरच भिंती काढतेय आणि तिथेच अडलंय. हॉलची रुंदी ३००० आहे (सगळी मापं मिलिमीटरमध्ये), एका बाजूला २३० ची कॉमन भिंत आणि दुसरीकडे ११५ चं पार्टिशन, भिंत सरकवताना मी निळ्या आकड्यात ३००० टाइप करते पण मग व्यवस्थित डायमेन्शन टाकलं की आतून २८२७.५ दाखवतं. दुसरं म्हणजे पहिल्या मजल्याच्या प्लॅनमध्ये भिंत काढली की ती दिसतच नाही, वॉर्निंग येते की काढलेलं काही या व्ह्यूमध्ये दिसणार नाही, थ्रीडीत बघितलं तर ती खालच्या मजल्यात उतरलेली असते. आणि काल सर म्हणाले बाहेरच्या भिंती विटेच्या ऐवजी २०० च्या एएसी (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकमध्ये कर, तर मी टाइप बदलला आणि बाहेरची कडसुद्धा आत सरकली, आता प्लॅनशी काहीच जुळत नाही. यूट्यूबवर सगळे जेनेरिक २०० घेऊन चौकोन काढतात आणि वर छप्पर ठेवून मोकळे होतात, खऱ्या प्लॅनचं कुणी दाखवत नाही. मुळापासून कसं करायचं ते कुणीतरी सांगा प्लीज.

खारघरची_आर्किटेक्ट
आधी तुझ्या २८२७.५ चं बघू, कारण त्या पॉइंट पाचातच उत्तर आहे. ३००० मधून २३० चे अर्धे ११५ वजा कर, मग ११५ चे अर्धे ५७.५ वजा कर, बरोब्बर २८२७.५ येतं. म्हणजे तू टाइप केलेले ३००० हे एका भिंतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे होते. रेव्हिटची ती निळी तात्पुरती डायमेन्शन्स मुळात भिंतीच्या सेंटरलाइनला धरतात. मॅनेज टॅबमध्ये ॲडिशनल सेटिंग्ज, त्यात टेम्पररी डायमेन्शन्स, तिथे भिंतींसाठी सेंटरलाइनच्या जागी फेसेस कर. एकदाच करायचं असेल तर डायमेन्शनच्या टोकाला जो निळा ठिपका असतो त्यावर क्लिक करत राहा, तो मध्यावरून एका कडेवर, मग दुसऱ्या कडेवर जातो.

पण हे वरवरचं झालं. खरी गोष्ट आहे लोकेशन लाइन, आणि नवीन शिकणारे नेमकं तेच न बघता पुढे जातात. ऑटोकॅडमध्ये आपण दोन रेषा काढतो, एक हलवली तरी दुसरी जागच्या जागी राहते. इथे भिंत एकाच रेषेला टांगलेली असते आणि जाडी त्या रेषेच्या हिशोबाने पसरते. तू काही बदललं नाहीस तर ती रेष भिंतीच्या मध्यात असते, म्हणून २३० चे २०० केल्यावर दोन्ही बाजूंनी १५-१५ गेले. तीच रेष बाहेरच्या कडेला असती तर बाहेरची कड जागेवर राहिली असती आणि सगळे ३० आतल्या खोलीला मिळाले असते, आपल्याला तेच हवं असतं. त्यामुळे प्रत्येक भिंत काढायच्या आधी स्वतःला विचार की उद्या जाडी बदलली तर हिची कुठली कड हलता कामा नये. बाहेरच्या भिंतीत बाहेरची, कारण मार्जिन तिथून मोजतात. पार्टिशनला ज्या बाजूचं माप पक्कं आहे ती, उदाहरणार्थ टॉयलेट १२०० पाहिजेच असेल तर टॉयलेटकडची कड धर, कमी-जास्त पॅसेज सोसेल.

काढलेल्या भिंती पुसू नकोस. प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन लाइन नंतर बदलली तरी भिंत हलत नाही, फक्त पुढचे बदल त्या रेषेच्या हिशोबाने होतात. क्रम मात्र सांभाळ. बदललेला टाइप आधी परत २३० चा कर. मग एकेक बाहेरची भिंत सिलेक्ट करून बघ की फ्लिपचे (आतली-बाहेरची बाजू उलटवायचे) बाण बाहेरच्या बाजूला आहेत का, नसतील तर स्पेसबार दाब. रेष मध्यात आहे तोपर्यंत फ्लिप केल्याने भिंत जागची हलत नाही, पण रेष कडेला नेल्यावर फ्लिप केलंस तर भिंत त्या रेषेभोवती उलटी पडते आणि पूर्ण जाडीने सरकते. फ्लिप झाल्यावर लोकेशन लाइन बदल, आणि सगळ्यात शेवटी टाइप. पुढच्या वेळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने काढत गेलीस तर बाहेरची बाजू आपोआप बाहेर येते.

तुझी खाली उतरणारी भिंत म्हणजे वर ऑप्शन्स बारमध्ये हाइटच्या जागी डेप्थ आहे, त्यात भिंत लेव्हलपासून खाली जाते. हाइट कर, संपलं.

बेलापूर_बिम
लिंक केलंयस ते चांगलं केलंस, इम्पोर्ट कधी करू नकोस, ऑटोकॅडचे सगळे लेयर आणि लाइन पॅटर्न फाइलमध्ये घुसतात. लिंक पिन करून ठेव, चुकून माउसने हलली तर तासभर कळत नाही. आणि युनिट ऑटो डिटेक्टवर न सोडता मिलिमीटर दे. थिन लाइन्स चालू ठेव, टीएल दाबायचं, नाहीतर जाड रेषांमुळे दोन भिंती टेकल्यात की मध्ये फट आहे ते दिसत नाही.

घोडबंदर_साइट_इंजिनियर
ताईंचं लोकेशन लाइनचं शंभर टक्के बरोबर. फक्त बाहेरची कड म्हणजे कुठली कड हे साइटवाल्याच्या नजरेने सांगतो, कारण ड्रॉइंग शेवटी आमच्या हातात येतं. रेव्हिटमध्ये बाहेरच्या कडा दोन आहेत, एक फिनिश फेस म्हणजे प्लास्टरची आणि एक कोअर फेस म्हणजे विटेची किंवा ब्लॉकची. गवंडी लाइनदोरी लावतो ती ब्लॉकच्या कडेला, प्लास्टर तेव्हा कुठेच नसतं. कॉलमची बाहेरची कड आणि ब्लॉकची बाहेरची कड एका रेषेत ठेवून आम्ही काम उचलतो. म्हणून माझं म्हणणं, कोअर फेस एक्स्टिरियर धर.

आणि एक. कॉलम २३० चे असतील आणि ब्लॉक २०० चा झाला तर बाहेरून फ्लश केल्यावर आत ३० मिलिमीटरची कड बाहेर येणार. ती कपाटाच्या मागे जाते की हॉलच्या मध्यावर दिसते ते आत्ताच मॉडेलमध्ये बघून सरांना दाखवा. ब्लॉकवर्क झाल्यावर मालक विचारतो ही कड कसली, आणि तेव्हा जाड प्लास्टर चढवून ती लपवायला सांगतात, ते प्लास्टर पुढे पोकळ वाजतं. मला मनापासून वाटतं की रेव्हिटचा खरा फायदा हाच आहे, हे आधी दिसतं.

नौपाडा_ड्राफ्टिंग
ताई, दादा, खूप खूप आभार. फ्लिप, मग लोकेशन लाइन, मग टाइप या क्रमाने केलं, बाहेरची कड एक मिलिमीटर पण हलली नाही! पण आता गोंधळ असा की प्लॅनमधले ३००० हे प्लास्टर ते प्लास्टर की वीट ते वीट? सरांना विचारलं तर म्हणाले वीट ते वीट. मग प्लास्टर भिंतीच्या टाइपमध्ये टाकू की नको? आणि भिंतीची उंची मी वरच्या लेव्हलपर्यंत दिलीय तर सेक्शनमध्ये भिंत बीममध्ये घुसलेली दिसते.

खारघरची_आर्किटेक्ट
सरांना विचारलंस ते उत्तम, हा प्रश्न प्रत्येक प्रोजेक्टला विचारायचाच. वीट ते वीट असेल तर मीही दादांच्या बाजूने, कोअर फेस.

प्लास्टर टाक. एडिट टाइप, आधी डुप्लिकेट करून नाव दे, मूळ टाइप बदलू नकोस. मग स्ट्रक्चरच्या समोर एडिट, तिथे कोअर बाउंड्रीच्या दोन रेषा दिसतील. ब्लॉक त्यांच्या मध्ये, प्लास्टर त्यांच्या बाहेर, बाहेरच्या अंगाला २०, आत १२. प्लास्टर चुकून कोअरच्या आत ठेवलंस तर कोअर फेसला काही अर्थच राहत नाही. प्रत्येक थराला फंक्शन द्यायचं असतं आणि त्यापुढे कंसात आकडा असतो, स्ट्रक्चर १ आणि फिनिश ४ किंवा ५. तो आकडा म्हणजे त्या थराचं प्राधान्य, लहान आकडा मोठ्याला कापून पुढे जातो. म्हणून पार्टिशन बाहेरच्या भिंतीला भिडतं तिथे त्याचा ब्लॉक आतलं प्लास्टर कापून बाहेरच्या ब्लॉकला टेकतो, साइटवर होतं तसंच. सगळे थर स्ट्रक्चर १ ठेवले तर सांधे विचित्र दिसतात. हे बघायला व्ह्यूची डिटेल लेव्हल मीडियम किंवा फाइन कर, कोर्स (Coarse) लेव्हलमध्ये थर दिसतच नाहीत.

माप देताना अलाइन्ड डायमेन्शन घेतलंस की वर ऑप्शन्स बारमध्ये फेसेस ऑफ कोअर निवड, मग ३००० ला ३०००च येतील. कॉमन भिंतीचा वेगळा टाइप कर, तिची फेज क्रिएटेड (कुठल्या टप्प्यात बांधली ते) एक्झिस्टिंग ठेव आणि नवीन प्लास्टर फक्त आपल्या अंगाला दाखव.

घोडबंदर_साइट_इंजिनियर
बीमचं मी सांगतो. टॉप कन्स्ट्रेंट वरची लेव्हलच ठेवा, टॉप ऑफसेट मायनस द्या. बीम ४५० चा असेल तर लोक सरळ मायनस ४५० देतात, पण आधी बघा की तुमची लेव्हल फ्लोअरिंगच्या वरची आहे की स्लॅबच्या वरची. फ्लोअरिंगची असेल आणि लादी-बेडिंग धरून ५० असेल तर बीमचा माथा ५० खाली, म्हणजे मायनस ५००. तेच खालच्या अंगाला, ब्लॉकवर्क स्लॅबवरून सुरू होतं, लादीवरून नाही, म्हणून बेस ऑफसेट मायनस ५०. भिंत अनकनेक्टेड (वरच्या लेव्हलला न जोडता नुसता उंचीचा आकडा देऊन) ३००० वगैरे ठेवू नका, मजल्याची उंची बदलली की स्लॅब वर जातो आणि भिंत तिथेच राहते. हे नीट केलं तर शेड्यूलमधून ब्लॉकवर्कची क्वांटिटी काढता येते, नाहीतर बीमच्या जागेचे पण ब्लॉक मोजले जातात.

बेलापूर_बिम
कॉलमबद्दल, स्ट्रक्चरल कॉलमच घ्या, आर्किटेक्चरल नको. आर्किटेक्चरल कॉलम भिंतीचं मटेरियल अंगावर घेतो, आरसीसीला ते चालत नाही. भिंत आणि कॉलम जॉइन जॉमेट्रीने जोडा, उलटं कापलं गेलं तर स्विच जॉइन ऑर्डर.

आणि पुढचा प्रश्न तुमचे सर नक्की विचारतील म्हणून आत्ताच सांगतो. रेव्हिटमध्ये रूम्स टाकून सगळ्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज केली आणि रेरा (घरखरेदीदारांसाठीचा कायदा) प्रमाणे कार्पेट एरिया म्हणून दिली तर ती कमी भरते. रेराच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती धरत नाहीत पण आतल्या पार्टिशनची जागा कार्पेटमध्ये धरतात, आणि रूम तर प्रत्येक पार्टिशनच्या कडेला थांबते. रो हाऊस स्वतःसाठी बांधत असतील तर प्रश्न नाही, पण पुढे बिल्डिंगचं काम आलं तर त्यासाठी वेगळा एरिया प्लॅन करून बाहेरच्या भिंतीच्या आतल्या कडेने बाउंड्री काढा.

नौपाडा_ड्राफ्टिंग
हे तर कुठल्याच व्हिडिओत ऐकलं नव्हतं. शेवटचं एकच विचारते, टॉयलेटच्या भिंतीला एका बाजूने २१०० पर्यंत टाइल्स आहेत आणि वर नुसतं प्लास्टर, त्यासाठी भिंतीचे दोन टाइप एकावर एक ठेवायचे का?

खारघरची_आर्किटेक्ट
नको. टाइल आणि तिच्या मागचा मॉर्टर मिळून एक वेगळी पातळ भिंत कर, उंची अनकनेक्टेड २१००, इथे ते चालतं कारण डॅडो म्हणजे भिंतीवरचा टाइल्सचा पट्टा वरच्या मजल्याला बांधील नाही. रूम बाउंडिंगची (खोलीचं माप या भिंतीला थांबवायची) टिक ठेवायची की काढायची ते तुमच्या ऑफिसात टॉयलेटचं माप टाइलपासून देतात की प्लास्टरपासून त्यावर ठरव. ती पातळ भिंत मूळ भिंतीला चिकटवून काढ आणि दोन्ही जॉइन जॉमेट्रीने जोड, म्हणजे दरवाजा टाकल्यावर दोन्हीतून आरपार कापला जाईल. जॉइन नाही केलंस तर दरवाजाच्या मागे टाइल तशीच उभी राहते आणि प्लॅनमध्ये ते पटकन लक्षात येत नाही, एलेव्हेशन काढल्यावर दिसतं.