मागच्या चाकाची रिम वाकली आहे : आउट काढून घ्यावा की चाक बदलावे?

सातपूरकर

नमस्कार. माझी हायब्रिड सायकल आहे. चाके 700सी, रिम दुहेरी भिंतीची अ‍ॅल्युमिनियमची, मागे 36 स्पोक आणि आट्यांच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) फिरवून बसवलेले सात गिअरचे फ्रीव्हील (दातेरी चक्रांचा संच). ब्रेक रिमवर घासणारे, म्हणजे व्ही-ब्रेक आहेत. नाशिकच्या त्र्यंबक रस्त्याने परतत असताना पाण्याने भरलेला खड्डा लक्षात आला नाही आणि मागचे चाक जोरात आदळले. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोके पडली, ती मी बुजवली. परंतु चाक फिरवल्यावर रिम एका ठिकाणी डावीकडच्या ब्रेकच्या रबराला घासते, तेथेच तिच्या कडेला बोटाला जाणवेल असा चेपा आहे आणि जवळचा एक स्पोकही तुटला आहे. एक दुकानदार 200 रुपयांत स्पोक घालून आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून देतो म्हणतात, तर दुसऱ्यांच्या मते रिम गेली आहे आणि 2,800 रुपये देऊन पूर्ण चाकच बदलावे लागेल. मी रोज याच सायकलने कामावर जातो आणि रविवारी अंजनेरीपर्यंत जाऊन येतो. पैसे वाचले तर हवेच आहेत, पण उतारावर चाकाने दगा देऊ नये, ही काळजी त्याहून मोठी आहे. या दोघांपैकी कोणाचे म्हणणे योग्य, हे कसे तपासावे?

अंबड टूलरूम

चाक सायकलवरून न उतरवता दोघांनी मत दिले असेल, तर दोन्ही मते अपुऱ्या माहितीवरची आहेत. चाक वाकडे फिरण्यामागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात आणि पाहताना ती सारखीच दिसतात. पहिले म्हणजे, स्पोक तुटला की त्या बाजूची ओढ कमी होते आणि समोरच्या बाजूचे स्पोक रिमला आपल्याकडे खेचतात. तुमचा तुटलेला स्पोक फ्रीव्हीलच्या बाजूचा असेल, तर रिम डावीकडे जाणे स्वाभाविक आहे आणि नवा स्पोक घातल्यावर तिचा बराचसा आउट आपोआप निघेल. दुसरे कारण म्हणजे रिमचा धातूच वाकलेला असणे. ट्यूबला जोडीने पडलेली भोके पाहता टायर पूर्ण दबून रिमपर्यंत धक्का पोहोचला होता हे निश्चित, म्हणून ही शक्यता गांभीर्याने घ्यावी.

तपासणी अशी करावी. टायर-ट्यूब काढून त्या दुकानातूनच स्पोक घालून घ्या आणि आउट काढायला सांगा, पण ते काम चालू असताना शेजारी उभे राहा. चाक सरळ झाल्यावर एकाच बाजूचे स्पोक बोटाने एकापाठोपाठ छेडून पाहा. मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूचे स्पोक मुळातच जास्त ताणलेले असतात, त्यामुळे डाव्यांची तुलना डाव्यांशी आणि उजव्यांची उजव्यांशीच करावी. आवाज साधारण सारखा येत असेल, तर रिम चांगली आहे आणि 200 रुपयांत तुमचे काम झाले. मात्र चेप्याजवळ एक स्पोक टणक आणि त्याच बाजूचा लगतचा स्पोक ढिला लागत असेल, तर वाकलेली रिम स्पोकच्या जोरावर सरळ धरून ठेवली आहे असे समजावे. असे चाक काही काळ नीट चालते, पण ढिल्या स्पोकवर प्रत्येक फेरीत ताण येतो-जातो आणि धातू थकून तो हबजवळच्या वळणावर तुटतो. मग दुसरा, मग तिसरा. स्पोक वारंवार तुटण्याचे कारण बहुतेक वेळा स्पोकच्या दर्जात नसून या असमान ताणात असते.

कडेचा चेपा लहान असेल, तर गुळगुळीत जबड्याच्या पान्याने तो हळूहळू एकदाच सरळ करता येतो. अ‍ॅल्युमिनियम पुन्हा पुन्हा वाकवले की तडकते. जुन्या लोखंडी रिमवर हातोडी चालत असे, तो उपाय येथे करू देऊ नये. निपलच्या (स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटाच्या) भोकांभोवती किंवा कडेला केसासारखा तडा दिसला, तर पुढचा विचारच नको, रिम बाद करावी.

गंगापूर रोड

वरील कसोटी योग्य आहे, पण सातपूरकरांच्या चाकात आणखी एक गोष्ट पाहायला हवी. व्ही-ब्रेकच्या सायकलीत रिम हा ब्रेकचाच भाग असतो. पावसाळ्यात ब्रेकच्या रबरात बारीक खडी अडकते आणि ती रिमची भिंत खरवडत राहते. अनेक रिमवर झीज कळावी म्हणून बारीक खाच किंवा ठिपके दिलेले असतात. ती खाच पुसली गेली असेल, किंवा सरळपट्टी लावल्यावर घासणारा भाग आत खोलगट दिसत असेल, तर आउट कितीही उत्तम निघाला तरी ती रिम ठेवू नये. पातळ झालेली भिंत आतल्या हवेच्या दाबाने फाटू शकते. डिस्क ब्रेक असते तर मी थोड्या आउटकडे दुर्लक्ष करा म्हटले असते, येथे तसे म्हणवत नाही.

पंचवटीकर

आपण सर्व जण दुरुस्ती किंवा पूर्ण चाक या दोनच टोकांवर बोलत आहोत. हब चांगला असेल, तर केवळ रिम बदलून चाक पुन्हा बांधून घेता येते आणि माझ्या मते अशा प्रसंगी हाच मार्ग सर्वांत आधी विचारात घ्यावा. एक्सल (हबमधला दांडा) बोटांनी फिरवून पाहा. खरखर किंवा अडखळणे जाणवले, तर कोन (एक्सलवरचा, ज्यावर छर्रे फिरतात तो भाग) आणि छर्रे तपासून घ्या. कोनवर खड्डे पडलेले नसतील, तर तो हब अजून बरीच वर्षे चालेल.

नवी रिम 36 भोकांचीच हवी आणि निपल जेथे बसतात तेथील तिचा व्यास जुन्या रिमइतका हवा, म्हणजे जुन्याच लांबीचे स्पोक चालतात. दोन्ही रिम शेजारी शेजारी चिकटपट्टीने बांधून एकेक स्पोक जुन्यातून नव्यात नेणारे कारागीर भद्रकाली-पंचवटी भागात विचारपूस केल्यास सापडतील. खरेदी करताना केवळ ‘28 इंची’ म्हणू नका. जुन्या काळ्या सायकलीच्या 28 × 1½ टायरचा रिमवरचा व्यास 635 मिलिमीटर आणि 700सीचा 622 मिलिमीटर असतो, त्यामुळे एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या बाजूवर छापलेला 622 हा आकडा दाखवूनच रिम मागा. पूर्ण चाक घ्यायची वेळ आलीच, तर त्याचा हब आट्यांचा आहे ना, हे पाहा. कॅसेटच्या (आट्यांऐवजी खाचांवर सरकवून बसवायच्या चक्रांच्या) हबवर तुमचे फ्रीव्हील चढणार नाही.

सातपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल स्पोक घालून आउट काढून घेतला आणि शेजारी उभे राहून तपासणी केली. चाक सरळ झाले, पण चेप्याजवळ डाव्या बाजूचे दोन स्पोक जवळजवळ लोंबत आहेत आणि त्यांच्यामधला एक तारेसारखा ताणलेला आहे. ब्रेक घासण्याच्या भागातही सरळपट्टीखाली फट दिसते. हब मात्र गुळगुळीत फिरतो. म्हणून रिम बदलून चाक बांधून घ्यायचे ठरवले आहे. जुने स्पोक वापरावेत का?

अंबड टूलरूम

निर्णय योग्य आहे. चेप्याजवळचे ते तिन्ही स्पोक आणि त्यांची निपले नवीन घाला. बाकीचे वळणाजवळ झिजलेले किंवा गंजलेले नसतील, तर वापरायला हरकत नाही. चाक बांधून झाल्यावर समांतर स्पोकच्या जोड्या हाताने घट्ट दाबून घ्यायला सांगा. त्यामुळे पिळलेले स्पोक मोकळे होतात व जागेवर बसतात. त्यानंतर पुन्हा एकदा आउट पाहावा लागतो. अंजनेरीची एक फेरी झाली, की चाक परत त्याच कारागिराकडे नेऊन ताण तपासून घ्या, आणि निघण्यापूर्वी टायरमध्ये त्याच्या बाजूवर लिहिलेल्या मर्यादेत पुरेशी हवा भरा.