तांबी (कॉपर-टी) बसवायला प्रत्येक वेळी बेळगावच का? खानापूर तालुक्यातून मदत हवी आहे

जांबोटीकडची: आज तिसऱ्यांदा बेळगावहून काम न होताच परत आले. मला तांबी बसवायची आहे. लग्न होऊन आल्यापासून आमच्या घरचे डॉक्टर एकच. सासऱ्यांचं बीपी, थोरलीचा ताप, माझे टाकेसुद्धा त्यांनीच बघितले. पण तांबीचं नाव काढलं की चिठ्ठीच्या पाठीमागं बेळगावचा पत्ता लिहून देतात. तिथं पहिल्यांदा 'मॅडम रजेवर', मग 'नवऱ्याची सही आणा', आज 'दोन झाली की, ऑपरेशनच करून टाका'. शक्ती योजनेमुळं तिकीट लागत नाही, पण अख्खा दिवस जातो. स्टँडवर बाळ दीड तास रडत होतं, शेवटी खांबाच्या आडोशाला पदराखाली घेऊन पाजलं. एका फेरीत काम होईल अशी जागा सांगा, लवकर.

निपाणीची वहिनी: बाळ किती महिन्यांचं? सिझर की नॉर्मल? पाळी आली का? काहीच लिहिलं नाहीस, कसं सांगणार? मी सहा वर्षं ठेवली होती. पहिले तीन-चार महिने अंगावरून जास्त गेलं, नंतर काही त्रास नाही.

कडोलीकर: सहीचा कागद कन्नडमध्ये होता का? वाचता येत नसेल तर सही करू नका. सीमाभागात दवाखान्यातले कागद मराठीतही मिळायला हवेत, आधी त्यावर बोला.

निपाणीची वहिनी: भाऊ, त्याला वेगळा धागा काढा. तिला तांबी हवी आहे.

कडोलीकर: वेगळं कसं? माझ्या बहिणीला कशावर सही घेतली तेच कळलं नव्हतं.

शांतामावशी: अंगावर पाजतेस ना? मग दिवस राहत नाहीत. आम्ही तसंच निभावलं.

निवृत्त सिस्टर: मावशी, असं सरसकट सांगू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच त्यावर भरवसा ठेवता येतो. यातली एक सुटली की दुसरा उपाय लागतो. आणि ताई, तांबीला नवऱ्याची सही लागत नाही, तुमची संमती पुरते. सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात. ३८० ए नावाची तांबी दहा वर्षं चालते, ३७५ नावाची पाच वर्षं, आणि हवी तेव्हा काढता येते. त्यात हार्मोन नसतं, दुधावर परिणाम होत नाही. बाळ किती महिन्यांचं ते मात्र सांगा.

चंदगडचा: सगळं बाईनंच का करायचं? बिनटाक्याची नसबंदी पुरुषाला सोपी. मी करून घेतली, दोन दिवसांत कामावर होतो.

जांबोटीकडची: दादा, आम्हाला कायमचं नको आहे. नवरा गोव्यात कामाला असतो, गणपतीला येतो. म्हणून तर घाई. बाळ साडेपाच महिन्यांचं, सिझर. पाळी गेल्या महिन्यात आली. नाचणीची पेज चालू केली आहे.

निवृत्त सिस्टर: हे आधी सांगायचं की! म्हणजे पाजण्याचा भरवसा संपला. सिझर होऊनही तांबी बसते. पाळी चालू असताना किंवा संपल्या संपल्या गेलात तर दिवस राहिलेत का ही शंकाच राहत नाही.

चंदगडचा: दिवस राहू नयेत म्हणून अंतरा इंजेक्शन असतं, ते का नाही? तीन महिन्यांतून एकदा.

निपाणीची वहिनी: म्हणजे वर्षाला चार फेऱ्या. ती फेऱ्यांनाच कंटाळली आहे.

गावात दवाखाना: मी तालुक्यात वीस वर्षं प्रॅक्टिस करतो. तुमच्या डॉक्टरांची बाजू मांडतो. तांबीचं नुसतं प्रशिक्षण घेऊन चालत नाही, हात चालू राहावा लागतो. महिन्याला एखादी बाई आली तर हात बसत नाही. निर्जंतुक सेट, टेबल, उजेड, सोबतीला बाई माणूस, हे सगळं एका खोलीच्या दवाखान्यात कुठून आणायचं? पुढं रक्तस्राव झाला की गावात बोट आमच्याकडंच. पण नुसता पत्ता लिहून देणं मलाही पटत नाही. मी स्वतः तपासणी करतो, जंतुसंसर्ग नाही ना बघतो, पुढं काय त्रास होईल ते समजावतो आणि ओळखीच्या सिस्टरला फोन करून वार ठरवतो. महिना-दीड महिन्यानं तांबीचा दोरा जागेवर आहे ना ते तपासायला बाई माझ्याकडंच येते. तेवढं तुमच्या डॉक्टरांना करता येईल, स्पष्ट विचारा.

निवृत्त सिस्टर: बरोबर. आणि प्रशिक्षण घेतलेली नर्सही बसवते, बेळगावच पाहिजे असं नाही. बसवणारी सिस्टर कुठल्या वारी असते ते आशाताईला विचारा, तायी कार्ड (गरोदरपणात मिळालेलं सरकारी कार्ड) सोबत न्या.

कडोलीकर: कागद वाचून घ्याच.

जांबोटीकडची: डॉक्टरांशी बोलले. आधी म्हणाले, 'माझ्याकडं सोय नाही.' तपासून फोन तरी करा म्हटल्यावर तयार झाले. आशाताई म्हणते सिस्टर गुरुवारी असते. पण माझी पाळी त्या आधीच संपेल, चार दिवस उलटले तर चालतं का?

निवृत्त सिस्टर: चालतं. पाळी सुरू झाल्यापासून बारा दिवसांत कधीही. गुरुवारी सकाळीच जा.