सल्ला हवा: वाचनालयाच्या अ‍ॅक्सेस डेटाबेसला स्वतःची फंक्शन्स जोडायची आहेत (मराठी शोध, अक्षरी रक्कम)

नौपाड्याचा वाचक
नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्याला आमचं छोटं वाचनालय आहे. पुस्तकं आणि सभासद यांच्या नोंदी अ‍ॅक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये) आहेत. देवघेवीच्या टेबलावर एक संगणक आणि आतल्या खोलीत दुसरा. फाइल एकच, दोन्हीकडून उघडतो. तीन ठिकाणी अडलोय. 'कऱ्हाडे' शोधलं की काही कऱ्हाडे सापडतात, काही नाही, आणि पडद्यावर सगळे अगदी सारखे दिसतात. पावतीवर रक्कम मराठी अक्षरांत हवी आहे. आणि उशिराचा दंड काढताना वाचनालय बंद असलेले दिवस वगळायचे आहेत. व्हीबीए (त्याच प्रोग्रॅममधली कोड लिहायची भाषा) थोडंफार जमतं. कुणी सांगतं एसक्यूलाइट (एकाच फाइलमधला छोटा डेटाबेस) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घ्या, कुणी सांगतं सरळ पोस्टग्रेस या सर्व्हरवरच्या डेटाबेसवर जा. पुढे हे काम दुसऱ्या कुणाकडे जाणार आहे, ते धरून सांगा.

ऐरोलीकर
पहिल्या अडचणीचं कारण नक्की सांगता येतं. 'ऱ्ह' दोन तऱ्हेने साठवला जातो. एका कीबोर्डवर ऱ (युनिकोड या अक्षरांच्या क्रमांकपद्धतीत ०९३१) आणि हलन्त (पाय मोडायची खूण) उमटतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह (२००डी) उमटतं. डोळ्यांना एकच अक्षर, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची पद्धत) ही दोन रूपं एक करत नाही. 'ॲ' आणि 'अ‍ॅ' यांचंही तसंच. म्हणून ती एक करणारं फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) आपणच लिहावं लागतं.

क्रम मात्र सांभाळा. आधी 'र + हलन्त + जोडचिन्ह' शोधून त्या जागी 'ऱ + हलन्त' घाला, मग उरलेली अदृश्य चिन्हं काढा. उलट केलंत तर कऱ्हाडेचा रफारवाला 'कर्हाडे' होईल, आणि 'दऱ्या' शोधणाऱ्याला 'दर्या' मिळेल.

माझा आग्रह असा की हे फंक्शन शोधाच्या वेळी प्रत्येक ओळीवर चालवू नका. तक्त्यात 'शोधरूप' नावाचा वेगळा रकाना करा, नोंद जतन होताना फॉर्मच्या 'बिफोर अपडेट'मध्ये (जतन होण्याआधी आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) तो भरा आणि त्यावर इंडेक्स (लवकर शोधायची सूची) लावा. शोधणाऱ्याने टाइप केलेला मजकूरही त्याच फंक्शनमधून गेला पाहिजे. शोधरूपात मी ह्रस्व-दीर्घही एक करतो, कारण 'किर्ती' लिहिणाऱ्या वाचकालाही 'कीर्ती' सापडायला हवी. मूळ नावाच्या रकान्याला मात्र अजिबात हात लावायचा नाही. लोकांचं नाव त्यांनी लिहिलं तसंच राहिलं पाहिजे.

तुर्भ्याचा हिशेबनीस
तुर्भ्याच्या बाजारात एका पेढीवर मी अशाच पावत्या काढतो, त्यामुळे अक्षरी रकमेबद्दल खात्रीने सांगतो. व्हीबीएच्या एडिटरला देवनागरी कळत नाही. तिथे 'एकोणसत्तर' टाइप केलंत की प्रश्नचिन्हं उरतात. म्हणून शब्द कोडमध्ये लिहूच नका. १ ते ९९ चे शब्द एका तक्त्यात ठेवा. तसंही मराठीत शंभरच्या आतला जवळजवळ प्रत्येक आकडा स्वतंत्रच शिकावा लागतो, वीस-तीसला एक-दोन जोडून चालत नाही. फंक्शनने फक्त रक्कम कोटी, लाख, हजार, शे आणि उरलेले अशी फोडायची आणि तक्त्यातून शब्द उचलायचे. शुद्धलेखनावरून वाद झाला तर कोड न उघडता तक्त्यातला शब्द बदलता येतो. लाख, हजार, शे, शंभर हेही तिथेच ठेवा.

बाहेरून घेतलेलं तयार कोड बहुधा मिलियनच्या हिशेबाने फोडतं, ते वापरू नका.

आणखी दोन गोष्टी. फंक्शन साध्या मॉड्यूलमध्ये 'पब्लिक' ठेवा, फॉर्मच्या मॉड्यूलमध्ये नाही, नाहीतर क्वेरीला ते दिसणार नाही. आणि मॉड्यूलला फंक्शनचंच नाव देऊ नका. दिलंत तर 'अनडिफाइन्ड फंक्शन' असा संदेश येतो आणि चूक कुठे आहे ते लवकर उमगत नाही.

कोलशेत पायथन
मी रोज एसक्यूलाइट वापरतो आणि मला ते मनापासून आवडतं. पायथनमध्ये फंक्शन लिहून ते एका ओळीत डेटाबेसला जोडता येतं, नावही देवनागरीत देता येतं. तरीही तुम्हाला ते सुचवणार नाही. तुमची फाइल दोन संगणकांवरून उघडते, आणि नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये एसक्यूलाइटची फाइल ठेवू नये असं ते बनवणारेच सांगतात; तिथे लॉकिंगचा (दोघांनी एकाच वेळी लिहू नये म्हणून फाइल अडवण्याचा) भरवसा नसतो.

शिवाय तिथे तुमचं फंक्शन फाइलमध्ये साठत नाही. ते त्या त्या कनेक्शनपुरतं असतं. त्यावर इंडेक्स बांधून तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडलीत की 'असं फंक्शन नाही' म्हणून तो अडतो. उद्या नवा माणूस आला आणि त्याच्याकडे तुमची पायथनची फाइल नसेल, तर तो काय करणार?

विटाव्याची शिल्पा
पोस्टग्रेसमध्ये हा प्रश्न नाही. तिथे फंक्शन डेटाबेसमध्येच राहतं आणि बॅकअपबरोबर जातं. 'इम्युटेबल' (त्याच माहितीला नेहमी तेच उत्तर देणारं) म्हणून घोषित केलं तर त्यावर थेट इंडेक्सही लावता येतो. मराठीचा वर्णक्रमही आयसीयूच्या (भाषावार नियम देणाऱ्या कोडसंचाच्या) नियमांनी लावता येतो. पण सर्व्हर कायम चालू ठेवणं, आवृत्त्या बदलणं, बॅकअप पाहणं हे कुणीतरी नेमाने केलं पाहिजे. असा माणूस वाचनालयात नसेल तर आत्ता नको. अ‍ॅक्सेसची फाइल २ जीबीच्या वर जात नाही, पण नुसत्या नोंदी असतील, मुखपृष्ठांचे फोटो नसतील, तर तिथवर पोचायला फार काळ लागेल.

आधी फाइलचे दोन भाग करा. तक्ते सामायिक फोल्डरमध्ये. फॉर्म, क्वेरी आणि कोड प्रत्येक संगणकावर वेगळ्या प्रतीत. उद्या पोस्टग्रेसवर जायचं ठरलं तर तक्त्यांचा भागच हलवायचा, फॉर्म बरेचसे तसेच राहतात.

दंडासाठी फंक्शनमध्ये वार आणि तारखा कोंबू नका. सुट्यांचा तक्ता करा. साप्ताहिक सुट्टी, सण, अचानक बंद ठेवलेला दिवस सगळं तिथे. त्या मुदतीतल्या सुट्या मोजायच्या आणि एकूण दिवसांतून वजा करायच्या.

नौपाड्याचा वाचक
सगळ्यांचे आभार. अ‍ॅक्सेसवरच राहतो, आधी फाइलचे भाग, मग शोधरूप, मग पावती. एक विचारू? जुन्या नोंदींचं शोधरूप कसं भरायचं? आणि फंक्शन बरोबर चाललंय हे तपासायचं कसं?

ऐरोलीकर
एक अपडेट क्वेरी लिहा, सगळ्या ओळींवर एकदा चालवा. ती जपूनही ठेवा, कारण कुणी फॉर्म टाळून थेट तक्त्यात नोंदी चिकटवल्या तर 'बिफोर अपडेट' चालतच नाही. आधी फाइलची प्रत काढायला विसरू नका. फंक्शनचा पॅरामीटर (त्याला दिली जाणारी माहिती) 'व्हेरियंट' प्रकारचा ठेवा, त्याला रिकामी जागाही चालते. 'स्ट्रिंग' (नुसता मजकूर) ठेवलात तर पहिल्या रिकाम्या नावालाच क्वेरीत एरर येईल.

तुर्भ्याचा हिशेबनीस
पावतीसाठी एवढे आकडे घालून पाहा: ०, १००, १०१, २५०, १०००, ११००, १०५००० आणि पैसे असलेली एक रक्कम. शंभरला 'शंभर' पण एकशे एकला 'एकशे' हवं. ११०० ला 'एक हजार शंभर'. आणि १०५००० ला 'एक लाख पाच हजार' एवढंच आलं पाहिजे, मागे 'शून्य' लटकता कामा नये.