पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध : आपले अनुभव लिहा

मानव्यविद्या किंवा सामाजिक शास्त्रांत पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रबंध लिहिलेल्या, सध्या लिहीत असलेल्या आणि अशा प्रबंधांना मार्गदर्शन केलेल्या सर्वांनी येथे अनुभव लिहावेत, ही विनंती. या टप्प्यावरील संशोधनाकडे केवळ गुणांसाठीची पूर्तता म्हणून पाहिले जाते, ते मला मान्य नाही. पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या टी. ई. लॉरेन्स यांनी १९०९ च्या उन्हाळ्यात सीरियाच्या परिसरात शेकडो मैल पायी हिंडून धर्मयुद्धकालीन (क्रुसेडच्या काळातील) किल्ले पाहिले आणि १९१० मध्ये ऑक्सफर्डला त्याच विषयावर पदवीचा प्रबंध सादर केला. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडी यांनी हार्वर्डमध्ये ब्रिटनच्या म्युनिक धोरणावर, म्हणजे हिटलरला सवलती देण्याच्या धोरणावर, लिहिलेला प्रबंध १९४० मध्येच पुस्तकरूपाने आला. आपल्यापैकी बहुतेकांचे प्रबंध विभागाच्या कपाटातच राहतात. तरीही प्रत्यक्ष साधने हाताळू लागल्यावर आपल्या मूळ प्रश्नाचे काय झाले, हे प्रत्येकाने सांगावे. निष्कर्ष थोडक्यात दिले तरी चालतील.

इतिहास

एका जुन्या शाळेतील मुलींची गळती हा माझा विषय होता. हजेरीपटात गैरहजेरीच्या कारणासाठी स्वतंत्र रकाना होता आणि त्यात बहुतेक ठिकाणी ‘घरकाम’ असे लिहिलेले होते. पहिले दोन दिवस मी ते मोजत बसले आणि तेवढ्यावर बावीस पानांचे प्रकरणही लिहून काढले. नंतर पुन्हा पट पाहताना शाईकडे लक्ष गेले. टाक दौतीत बुडवला की अक्षर गडद उमटते आणि पुढे फिकट होत जाते. हा गडद-फिकटपणा तारखांच्या क्रमाने नव्हे, तर रकान्यात वरून खाली उतरत होता. म्हणजे महिनाभराची कारणे एकाच बैठकीत भरलेली होती. मुली शाळेत का येत नव्हत्या, याचे उत्तर त्या पटात नव्हतेच. तपासणीसमोर कोणते कारण चालत असे, याचे उत्तर मात्र होते. मी बावीस पाने बाजूला ठेवली आणि ‘कारण’ हा रकाना कोणासाठी भरला जात होता, या प्रश्नावर प्रबंध नव्याने लिहिला. ते प्रकरण सोडताना फार वाईट वाटले होते, हे नमूद करते.

तत्त्वज्ञान

आम्हाला ना दप्तरखाना, ना मुलाखती. एका युक्तिवादातील ‘म्हणून’ हा शब्द खरोखर निष्कर्षाकडे नेतो का, एवढ्यावर माझे चार महिने गेले. शेवटी तो नेत नाही, असे दाखवता आले.

राज्यशास्त्र

निवडणुकीच्या काळातील अग्रलेखांचे मी ‘अनुकूल’, ‘प्रतिकूल’ आणि ‘तटस्थ’ असे वर्गीकरण केले होते. मार्गदर्शकांनी तेच अग्रलेख एका वर्गमित्राकडून स्वतंत्रपणे वर्गीकृत करून घेण्यास सांगितले. दोन वाचकांचे एकमत निव्वळ योगायोगाने जुळले असते त्यापेक्षा किती अधिक आहे, हे मोजण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा गुणांक वापरतात. पूर्ण एकमत असेल तर तो १ येतो; आमचा गुणांक ०.४ च्याही खाली आला. गोंधळ जवळजवळ सगळा ‘तटस्थ’मध्ये होता, दोन्ही बाजूंवर टीका करणारा लेख आणि भूमिकाच न घेणारा लेख मी एकाच खणात टाकले होते. व्याख्या सुधारून सर्व लेख पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागले.

समाजशास्त्र

मी रुग्णालयात रात्रपाळीला सफाईचे काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. ‘तुम्हाला कामात कोणत्या अडचणी येतात?’ असे विचारले, की ‘तशा काही नाहीत’ एवढेच उत्तर मिळे. तिसऱ्या मुलाखतीनंतर मी प्रश्न बदलला : ‘काल रात्री कामावर आल्यापासून काय काय केलेत, ते क्रमाने सांगा.’ त्यावर एक बाई चाळीस मिनिटे बोलल्या आणि त्यात अडचणी आपोआप आल्या. एका तासाचे ध्वनिमुद्रण उतरवून काढायला मला पाच-सहा तास लागत, म्हणून चौदा ठरवलेल्या मुलाखती नऊवर थांबवल्या. त्याची मला खंत नाही, कारण ते उतरवतानाच खरे ऐकणे झाले. पुढे त्याच बाईंनी आपले बोलणे वापरू नये, असा निरोप पाठवला. माझे सर्वांत भक्कम प्रकरण त्यांच्यावर उभे होते. संमती कधीही मागे घेता येईल, असे संमतीपत्रात मीच लिहिले होते.

मार्गदर्शक या नात्याने

विद्यार्थी सिद्धान्ताचे प्रकरण आधी लिहून आणतात आणि मग त्यात बसेल अशी सामग्री शोधतात. यात दोष त्यांचा नाही. आराखडा मागताना आम्हीच तो क्रम लावून दिलेला असतो. मी आता पहिल्या भेटीत एकच साधन आणायला सांगते : एक पत्र, एक मुलाखत किंवा एक तक्ता. त्यावर तासभर बोलल्यावर विषयाचे शीर्षक सहसा निम्म्याने लहान होते. ‘समाजमाध्यमे आणि तरुणाई’ यासारख्या विषयावर एका वर्षात कोणालाच काही सिद्ध करता येणार नाही, हे मुलांना सांगण्यापेक्षा त्यांना जाणवू देणे मला अधिक योग्य वाटते.

धागाकर्ती

समाजशास्त्राच्या अनुभवाबद्दल विचारते : त्या बाईंचे बोलणे वगळल्यावर प्रकरणाचे काय केलेत?

समाजशास्त्र

त्यांची अवतरणे काढलीच, शिवाय त्यांच्या बोलण्यातून सुचलेले मुद्देही तपासले. जे उरलेल्या आठ मुलाखतींत स्वतंत्रपणे सापडले, तेवढेच ठेवले; दोन मुद्दे गेले. प्रकरण एकोणीस पानांवरून अकरा पानांवर आले. आठ स्त्रियांच्या मुलाखतींवर ते आधारलेले आहे, असे पद्धतीच्या भागात लिहिले आणि नववे ध्वनिमुद्रण पुसून टाकल्याचे त्या बाईंना कळवले.